देवकीवहिनीचा श्वास

धान पिवळा पडू लागला की आमच्या घरात खाटा मोजल्या जातात. पाहुणे धरून जेवढी माणसं, तेवढ्या खाटा. कमी पडल्या तर शेजारून आणायच्या, तिथंही नसल्या तर दोन बाकं जोडून त्यावर गादी टाकायची. पण कापणीच्या दिवसांत जमिनीवर कुणी निजायचं नाही. नव्या पाहुण्याला हा नियम विचित्र वाटतो. त्याला कारण सांगायचं काम देवकीवहिनीकडे असतं आणि ती ते दोन वाक्यांत उरकते. मला ते दोन वाक्यांत कधी जमलेलं नाही.

यंदा दिवाळीनंतर चार दिवसांची सुट्टी काढून मी गावी आले. आमगावला उतरले तेव्हा ऊन नुकतं कोवळेपण सोडत होतं. दादा मोटरसायकल घेऊन उभा होता. स्टेशनापासून गावापर्यंत दोन्ही बाजूंना बांध्या, म्हणजे मातीच्या धुऱ्यांनी बांधलेली धानाची वावरं. काही अजून उभी, काही कापलेली. कापलेल्या धानाच्या कडपा, मूठ-मूठ पेंढ्या, ओळीनं उन्हात पडलेल्या. त्या वाळत्या कडपांना एक वास असतो. गवताचा म्हणावा तर नाही, भाताचा म्हणावा तर अजून नाही. तो नाकात शिरला की मी नकळत एक पुरता श्वास घेते, क्षणभर थांबते आणि हळू सोडते. श्वास हाच माझ्या अभ्यासाचा विषय, त्यावरच माझं पोट चालतं. पण या वासाजवळ मला पुस्तकातलं काही आठवत नाही. दोन हजार तीनचा हंगाम आठवतो.

त्या वर्षी मी दूरच्या एका शहरात पीएच.डी. करत होते. मेंदू जिथं मानेकडे उतरतो तिथं त्याला एक देठ असतो. त्या देठात, डाव्या-उजव्या बाजूला, पेशींचा एक-एक बारीक पुंजका आहे, मोहरीच्या दाण्याहून लहान. आपण जन्मल्यापासून मरेपर्यंत श्वासाचा ताल धरतो तो हा पुंजका. उंदराच्या नवजात पिल्लाच्या मेंदूदेठाची एक पातळ चकती कापायची, प्राणवायू मिसळलेल्या खारट पाण्यात ती जिवंत ठेवायची, आणि केसाहून बारीक टोकाच्या काचेच्या नळीनं एकेका पेशीला स्पर्श करून तिच्या आतली वीज मोजायची, हे माझं काम होतं.

वीज म्हणजे कितीशी? शांत बसलेल्या पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा व्होल्टच्या सहा-सात शतांशांचा उणा दाब असतो. पण या पुंजक्यातल्या काही पेशींना शांत बसणं ठाऊकच नाही. त्यांच्या भिंतीतून सोडियमची बारीकशी गळती सतत चालू असते. त्या गळतीनं दाब हळूहळू चढतो, एका उंबऱ्याला लागतो, आणि पेशी एकदम कडाडते: टकटकटकटक. मग गप्प. मग पुन्हा चढ, पुन्हा कडकडाट. आम्ही तो आवाज स्पीकरवर ऐकायचो. शेजारच्या पेशींशी तिचं बोलणं औषध घालून पूर्ण तोडलं तरी काही पेशी एकट्यानं हा ताल चालू ठेवतात. फुफ्फुस नाही, नाक नाही, रक्त नाही. काचेच्या वाटीत पडलेली चकती, आणि ती तासन्‌तास श्वास घेण्याचा हुकूम सोडत असते. पहिल्यांदा मी ते ऐकलं तेव्हा माझ्या गाईड बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी खोलीतला पंखा बंद केला, मला नीट ऐकू यावं म्हणून.

पण हे सगळं साधलं तेव्हाचं. बहुतेक दिवशी साधत नसे. दहा पेशींपैकी नऊ माझ्या हातून मरत. भिंतीतल्या तारांची गुणगुण यंत्रात शिरे आणि पेशीचा आवाज त्यात बुडून जाई. अडीच वर्षं झाली होती आणि माझ्या वहीत धड म्हणाव्या अशा पेशी बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. त्या दिवाळीला मी घरी आले ती हे सगळं सोडून द्यायचं ठरवूनच. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. माय गावभर सांगायची, "आमची मीना उंदरांवर काम करते," आणि लोक सहानुभूतीनं मान हलवायचे.

वहिनीचं माहेर इटियाडोह धरणाच्या कालव्याकडचं. बारावी सायन्स करून लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान. नात्यानं मोठी म्हणून मी तिला वहिनी म्हणते, ती मला बाई म्हणते. मी काय करते हे घरात नीट विचारणारी ती एकटीच. त्या हंगामात दुपारी शिदोरी खाऊन आम्ही दोघी धुऱ्यावर बसलो होतो. विळा मांडीवर ठेवून ती म्हणाली,

"मंग झोपेत कोण घेते श्वास?"

"त्याच पेशी."

"आनं आपण दम धरून ठेवला तं?"

"थोडा वेळ ठेवता येतो. मग त्या तुझं ऐकत नाहीत."

तिनं लगेच दम धरला. गाल फुगवून, डोळे माझ्याकडे लावून बसली. बराच वेळ बसली. मग फस्सकन श्वास सुटला आणि ती हसायला लागली. "नाईच आयकत," ती म्हणाली.

तिला हसताना पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, मी सोडणार आहे हे काम."

"कायले?"

"जमत नाही. पेशी मरतात."

"सगळ्याच?"

"दहातल्या नऊ."

ती विळा उचलून उठली आणि कापायला लागली. तिनं काही सल्ला दिला नाही. मला त्याचं बरं वाटलं.

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. जत्राच ती: जिलेबीची दुकानं, बांगड्या, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, त्यांच्या सासरचे येतात, त्यांच्या ओळखीचेही येतात. आमच्या गावची मंडई होती त्या दिवशी घरात सतरा-अठरा माणसं होती. खाटा पाहुण्यांना गेल्या. वहिनीनं आपली खाट मला दिली आणि स्वतः जुन्या धानाच्या पोत्यांशेजारी जमिनीवर चटई टाकून झोपली.

पहाटे मी उठले तेव्हा ती चुलीपाशी पोट धरून बसली होती. दोनदा ओकली होती. माय म्हणाली, मंडईतलं तेलकट बाधलं असेल. लिंबूपाणी दिलं, ते तिच्या नाकातून परत आलं. मी तिच्यासमोर बसले. ती माझ्याकडे बघत होती, पण मान मागे टाकून, जणू टोपीच्या काठाखालून बघावं तशी. तिच्या पापण्या वर जात नव्हत्या.

"वहिनी, झोप येते का?"

"नाई," ती म्हणाली. आवाज नाकात अडकलेला. "तू दोन दिसून राहिली मले."

मला तिचं दुखणारं पोट दिसत नव्हतं, मला तिच्या पापण्या दिसत होत्या. पापण्या, मग गिळणं, मग मान, मग छाती. हा क्रम मी पुस्तकात वाचला होता. मण्यार चावते तेव्हा दुखत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावल्याचं कळतही नाही, दात एवढे बारीक की खूणही सापडत नाही. मी मण्यारीचं नाव काढलं. दादा म्हणाला, "साप चावला असता तं सूज नसती आली?" पाहुण्यांतले एक दूरचे मामा म्हणाले, शेजारच्या गावी उतारा देणारा आहे, आधी त्याच्याकडे नेऊ. दादा माझ्याकडे, मामांकडे, पुन्हा माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात वहिनीच बोलली. जीभ जड झाली होती, शब्द ओढून ओढून आले.

"गाडी बोलवा. गोंदियाले."

तिच्याच शब्दावर जीप आली.

तीसेक किलोमीटरचा रस्ता. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मुर्री गाव मागे पडून शहर लागेपर्यंत तिची मान सैल झाली होती आणि श्वास उथळ, गळ्याशीच येऊन परत जाणारा. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी पापण्या पाहिल्या, दोन प्रश्न विचारले, आणि तिसरा न विचारता सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू केलं. थोड्याच वेळात वहिनीची छाती थांबली. डॉक्टरांनी घशात नळी घातली, नळीला एक रबरी थैली जोडली. थैली दाबली की छाती वर येई, सोडली की खाली बसे. दवाखान्यात श्वासाचं यंत्र एकच होतं आणि ते एका वृद्ध गृहस्थांना लावलेलं होतं. नागपूरला न्यायचं तरी वाटेत थैली दाबत न्यावं लागणार होतं, आणि डॉक्टरांच्या मते तो धोका मोठा होता.

"हातानंच द्यावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "एक मिनिटही थांबता येणार नाही. यंत्र मोकळं होईपर्यंत."

"कधी होईल?"

"सांगता येत नाही."

मेश्राम सिस्टर पन्नाशीच्या होत्या. चष्म्याला दोरी, पायात साधी चप्पल. त्यांनी दादाला आणि मला पलंगाच्या डोक्याशी उभं केलं आणि शिकवलं. "थैलीकडे नोको पाहू. तिच्या छातीकडे पाहा. छाती उचलली की सोड. पुरती खाली बसू दे. मंग दुसरा." मला जमेना. माझा हात पळत होता. सिस्टर म्हणाल्या, "तू घाबरली, म्हणून तुया श्वास जोरात चालून राहिला. तू आपलाच तिले देऊन राहिली. आधी तू हळू घे."

दुपारपर्यंत वहिनी पूर्ण निश्चल झाली. बोट नाही, भुवई नाही, काही नाही. डॉक्टरांनी पापणी उघडून टॉर्च मारला. डोळ्याची बाहुली मोठी होती ती मोठीच राहिली. मागे उभे असलेले मामा हे बघत होते. ते दादाजवळ आले आणि हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊ, का उरलं आता? थैली फुगून राहिली, बाई नाही. घरी नेऊ. माती तरी गावची भेटू दे."

दादाचा हात थैलीवर थांबला.

सिस्टर दुसऱ्या पेशंटला सुई लावत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "भाऊ, दाब." दादानं दाबलं. मग त्या मामांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "बाई आयकून राहिली. जे बोलाचं ते बाहेर जाऊन बोला."

डॉक्टरांनी दादाला समजावलं. मण्यारीचं विष डोळ्यांच्या बाहुल्याही बांधून टाकतं, तेवढ्यावरून मेंदू गेला असं धरायचं नाही. दादानं मान हलवली, पण त्याच्या तोंडावर विश्वास नव्हता. तो माझ्याकडे वळला. "मीना, तू याच्यातलंच शिकून राहिली ना? खरं सांग."

मी आयुष्यात कधी माझा विषय कुणाला एवढ्या जोखमीनं सांगितला नव्हता. मी म्हणाले, "दादा, विष मेंदूत गेलेलं नाही. मेंदू हुकूम देतोय. हुकूम नसेतून येतो आणि स्नायूपाशी हाती द्यावा लागतो, तिथं विषानं अडवलंय. पोस्टमन दारापर्यंत येतोय, दार बंद आहे. घरात माणूस आहे, दादा. आणि पत्र लिहिणाराही आहे."

"तुले कसं मालूम?"

मला मालूम नव्हतं. मी पेशींवर नळी टेकवून ऐकलेलं होतं, वहिनीच्या पेशींवर टेकवलेली नव्हती. पण त्या चकतीतल्या पेशींचा हट्ट मी पाहिला होता. सगळं तोडलं तरी चालू राहणाऱ्या, कुणी ऐकत नसताना हुकूम देत राहणाऱ्या. "मालूम आहे," मी म्हणाले.

मग आम्ही पाळ्या लावल्या. दादा, मी, आणि फेऱ्यांच्या मधे सिस्टर. माझ्या पाळीला मी वहिनीच्या कानाशी वाकून बोलत राहिले. काय बोलावं सुचेना, तेव्हा माझा प्रबंधच तिला सांगितला. उणे साठ मिलिव्होल्ट, मग गळती, मग चढ, मग उंबरा. एकेका पेशीचं नाव नव्हतं, नंबर होते. नंबर एकेचाळीस कशी अर्ध्या तासानं मेली, नंबर सत्तावन्न कशी संध्याकाळपर्यंत टिकली. सिस्टर येता-जाता ऐकत. एकदा म्हणाल्या, "काही कळून नाही राहिलं, पण थांबू नोको."

रात्र त्यातच गेली. सकाळी माझी बोटं मिटेनात. तेव्हा शेजारच्या पलंगापाशी बसलेली एक बाई उठली. ज्यांना यंत्र लावलं होतं त्या वृद्ध गृहस्थांची ती सून, गोंदियाच्या बाजारातल्या एका व्यापारी घरातली. आदल्या दिवसापासून ती आमच्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिच्या सासऱ्यांचं यंत्र मोकळं व्हावं असं मनात येऊन मला माझीच लाज वाटत होती. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "दीदी, आप बैठो थोड़ा. मैंने देख लिया है, मैं कर लूँगी." तिनं बांगड्या वर सरकवल्या आणि थैली हातात घेतली. तिचा हात पहिल्या दाबापासून बरोबर पडला. दोन तास ती उभी होती. तिचा सासरा दुपारी स्वतः श्वास घेऊ लागला, संध्याकाळी यंत्र निघालं, आणि पुसून वहिनीला लावलं गेलं. जाताना त्या बाईनं तिचं नाव सांगितलं नाही, मीही विचारायचं विसरले. या सगळ्या गोष्टीत मला कसली चुटपुट वाटते तर एवढीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या उजव्या पायाचं बोट हललं. नंतर भुवई. पाचव्या दिवशी ती यंत्राशी भांडायला लागली. म्हणजे यंत्र हवा द्यायच्या आधी तिची छाती आपली आपण उचलू लागली. डॉक्टर त्या उचलत्या छातीकडे बघत असताना मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि सिस्टरना म्हणाले, "उद्या नळी काढू."

हे सगळं झाल्यावर खरं ऐकण्यासारखं राहिलं होतं. धान चुरायचे, मळणीचे दिवस आले होते. खळ्यात धानाचे उंच पुंजणे रचलेले, हवेत तूस. वहिनी घोंगडी पांघरून उन्हात बसायची, तिला अजून वजन उचलू देत नसत. नळीनं घसा खरवडला होता, म्हणून ती थोडं थोडं बोले. मी दुसऱ्या दिवशी परत निघणार होते. मी विचारलं, "वहिनी, तुला काही आठवतं?"

"सगळं," ती म्हणाली.

मामांचं बोलणं तिनं ऐकलं होतं. सिस्टरचं उत्तरही ऐकलं होतं. माझा प्रबंध तिला समजला नव्हता. "पण तू चुप झाली की मले भेव लागे," ती म्हणाली. "तू बोलत राहे तवा वाटे, मी हावो."

मग ती म्हणाली, "तुमचे हात मले मालूम होत. डोळे बंद, पण कोण देऊन राहिलं ते मालूम होत. हे द्यायचे ना, तुये दादा, ते मोठा मोठा द्यायचे आनं मधातच थांबून जात. तवा ते रडत असन. तुया लय घाईचा. एक पुरा होत नाही, का दुसरा. सिस्टरचा बरोबर. आनं एक हात होता, तो कोणाचा होता वं? बांगड्या वाजत. तो सगळ्यात चांगला. त्या बाईच्या टायमाले मी झोपली."

मी तिला त्या बाईचं सांगितलं.

"आणि तुझा स्वतःचा?" मी विचारलं. मला भीती वाटत होती विचारायला. "तुला आतून श्वास घ्यावासा वाटत होता?"

तिनं छातीच्या वर, गळ्याच्या खळगीत बोट ठेवलं. "भूक लागते ना, तशी. पण पोटात नाही, इथं. कोणी आतून म्हणे, घे. मी घेत होती, बाई. पुरा जोर लावून घेत होती. काही होत नव्हतं. मंग तुमचा येई, आपल्या टायमानं. मंग थोडं बरं वाटे. मंग वापस, घे. थांबलं नाही ते. एक मिनिटही थांबलं नाही."

मी खळ्यात तिच्यासमोर बसून होते. अडीच वर्षं ज्या पेशींवर मी नळ्या टेकवत होते, त्यांचा आवाज मी स्पीकरवर ऐकला होता, कागदावर त्यांचे चढउतार पाहिले होते. आत बसून त्यांचं ऐकलेलं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं. दवाखान्यात दादाला मी छातीठोक सांगितलं होतं त्याचा पुरावा हा असा, घोंगडी पांघरून उन्हात बसलेला.

मी परत गेले. काम सोडायचं आहे हे मी पुन्हा कुणाजवळ बोलले नाही, वहिनीनंही विचारलं नाही. पेशी मरतच होत्या. पण आता जी एखादी जगायची तिच्याजवळ मी जास्त वेळ बसायचे. यंत्राला तारेची जाळी घातली, गुणगुण कमी झाली. तीन वर्षांनी प्रबंध झाला. एकटं सोडलं तरी ताल धरणाऱ्या पेशी कोणत्या, गप्प बसणाऱ्या कोणत्या, आणि सोडियमची ती गळती बंद केली तर काय होतं, एवढाच त्याचा आवाका. जगाच्या ज्ञानात त्यानं चिमूटभर भर घातली असेल.

प्रबंध होत आला त्या सुमारास दादा आणि वहिनी शहरात आले होते. मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. चकती वाटीत होती, एक चांगली पेशी लागलेली होती. मी स्पीकर लावला. टकटकटकटक. शांतता. टकटकटकटक. दादाला काही विशेष वाटलं नाही, त्याला खोलीतली थंड हवा आवडली. वहिनी टेबलाजवळ गेली, वाटीवर वाकली. बराच वेळ ऐकून तिनं विचारलं,

"याले मालूम हाये, का फुफ्फुस नाही म्हणून?"

"नाही."

"तं नोको सांगू," ती म्हणाली, आणि बाजूला झाली.

त्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी पुढे नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना शिकवायला घेतलं. हंगामाच्या तोंडावर, मण्यारीचे पेशंट येऊ लागण्याआधी, ते त्यांना रबरी थैली दाबायला शिकवतात. एका वर्षी त्यांनी दादाला फोन केला आणि म्हणाले, वहिनींना पाठवा. थैलीनं श्वास कसा द्यावा हे मी सांगू शकतो, पण तो मिळतो कसा हे त्यांनाच माहीत आहे. वहिनी आधी नको म्हणाली. मी शेतात काम करणारी बाई, कॉलेजच्या पोरींना काय शिकवू? पण गेली. आणि तेव्हापासून दर वर्षी जाते.

यंदा मी सोबत गेले. मोठी खोली, मधोमध टेबलावर रबरी पुतळा, भोवती पंचवीस-तीस मुली. वहिनी तिची चांगली साडी नेसून आली होती आणि पुतळ्याच्या डोक्याशी मेश्राम सिस्टर उभ्या राहायच्या तशीच उभी होती. सिस्टर आता निवृत्त झाल्या आहेत. मी मागच्या बाकावर बसले. मी एवढी वर्षं वर्गात शिकवते, पण एवढ्या शांत वर्गात मी क्वचितच बसले असेन.

वहिनी एकेकीला बोलवी, थैली हातात देई आणि स्वतः डोळे मिटून उभी राही. तिला बघायची गरज नव्हती. "घाई झाली," ती म्हणे. किंवा, "हा अर्धाच दिला." एका उंच मुलीचा हात फार चांगला पडला. वहिनीनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुयं गाव कोणतं वं?"

शेवटी एका मुलीनं हात वर केला. "ताई, सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?"

मला वाटलं, ती मामांचं सांगेल. मीच तयार नव्हते ते ऐकायला, दहा वर्षं झाली तरी. पण वहिनीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "हात बदलत होते तवा. एक थकते, दुसरा घेते. त्या मधात काहीच राहत नाही. आपल्याले दिसत नाही, कोणी घेतलं का नाही ते. मालूमच होत नाही, का आता येईन का नाही. तुमच्यासाठी ते एवढंसं हाये." तिनं चिमूट दाखवली. "पेशंटले तेवढंसं नाही."

एक-दोघींनी वहीत लिहून घेतलं.

"म्हणून बदलताना बोलाचं," ती म्हणाली. "त्याच्या कानापाशी. आता मी देतो म्हणाचं. नाव सांगाचं. बस, एवढंच."

तिनं थैली उंच मुलीच्या हातात दिली आणि बाकीच्या मुलींना टेबलाभोवती रांगेत उभं केलं. उंच मुलीनं चार श्वास दिले, मग शेजारणीकडे बघितलं. शेजारणीनं हात पुढे केला, पण थैलीला लावण्याआधी ती पुतळ्याच्या रबरी कानाशी वाकली. जरा लाजत, हळूच म्हणाली, "आता मी देते. मी रोशनी."

पाचव्या श्वासाला तिचा हात होता. मग पुढची वाकली. "आता मी. पौर्णिमा."

छाती उचलत होती, पुरती खाली बसत होती. "आता मी, ज्योत्स्ना." वहिनी डोळे मिटून ऐकत उभी होती.